न मारलेलं प्यादं

अण्णा,

आज दुपारी मी पुन्हा हरले. समोर कोण होतं ते ठाऊक नाही. नावाच्या जागी चार अक्षरं, पुढे आकडे आणि कोपऱ्यात कुठल्याशा देशाचा इवलासा झेंडा, एवढीच त्याची ओळख. बराच वेळ डाव माझ्या हातात होता. मग दोघांकडे एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली आणि मी माझा राजा कोपऱ्यात लपवून बसवला, जसा तुम्ही बसवायचात. त्याने मात्र त्याचा राजा एकेक घर करत पटाच्या मधोमध आणला आणि माझी प्यादी टिपून खाल्ली. हल्ली मोबाइलवर डाव संपला की यंत्र सगळ्या चाली परत दाखवतं आणि जिथे घोळ घातला तिथे लाल खूण करतं. माझ्या लाल खुणा नेहमी शेवटाकडे असतात. सुरुवात मी बरी खेळते, मधला डाव तर चांगलाच खेळते, आणि पट रिकामा व्हायला लागला की माझ्यात तुम्ही शिरता.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांनी लिहायला बसले ते काही प्रेमाचा उमाळा आला म्हणून नाही, हे आधीच सांगून टाकते. माझं शिलाईचं दुकान उघडायला अजून अर्धा तास आहे, ब्लाऊजांचा ढीग पडलाय, आणि मी वहीचं पान फाडून तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही असताना हे जमलं नाही. तुमच्यासमोर कुणी भांडायचं नसतं असं आपल्या घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, आणि तुम्हालाही ते फार सोयीचं होतं.

पाथर्डीच्या स्टँडसमोरच्या गल्लीतलं आपलं दुकान मला जसंच्या तसं दिसतं. दिवाळीआधी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. ऊसतोडीला निघालेली माणसं जाण्याआधी घरादाराचे कपडे शिवून घ्यायची, आणि तुम्ही मशीनवरून मान वर न करता त्यांना उद्याचा वायदा द्यायचात. एकदा टोळ्या ट्रकात बसून कारखान्यांकडे गेल्या की निम्मं गाव रिकामं. मग कापड बेतायच्या टेबलावर पट अंथरला जायचा. तो पटही तुमच्याच हातचा. पँटीच्या तपकिरी टेरिकॉटचे आणि शर्टाच्या पांढऱ्या कापडाचे चौकोन जोडलेले, कडेने गोट, आणि एकही टाका वाकडा नाही. गिरणीवाले काका आणि रिटायर झालेले कंडक्टर रोज दुपारी हजर. मी शाळेतून येऊन कोपऱ्यात तुरपाई करत बसायचे आणि कान तुमच्या डावाकडे. एका दुपारी कंडक्टर आले नाहीत तेव्हा तुम्ही मला म्हणालात, ये, बस समोर. मी तेव्हा नऊ वर्षांची असेन. सुई तशीच फ्रॉकला टोचून मी बसले, आणि त्या महिन्यात काय शिकले असेन नसेन, पण तुमच्या बरोबरीने टेबलाला बसायला मिळतं हे शिकले. आई आयुष्यभर त्या टेबलाला कधी बसली नाही.

तुमचा खेळ देशी. प्यादं पहिल्यापासून एकच घर चालणार. ते पार पलीकडे गेलं तर ज्याच्या घरात पोचेल तोच मोहरा होणार, घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, वजिराच्या घरात पोचलं तरच वजीर. जिंकण्यातलं सगळ्यात मोठं जिंकणं म्हणजे प्यादेमात, राजाला शेवटचा शह प्याद्याने द्यायचा. आणि सगळ्यात हलकं म्हणजे बुर्जी. समोरच्याचं सगळं मारून त्याचा राजा एकटा उघडा पाडला की झाली बुर्जी, तो डाव अर्धा, जिंकल्यात जमा नाही. म्हणून शहाण्या माणसाने समोरच्याकडे एक प्यादं तरी शिल्लक ठेवायचं आणि मग मात द्यायची. मी बारा वर्षांची असताना गिरणीवाल्या काकांना पार चेपलं होतं. त्यांचं शेवटचं प्यादं समोर दिसलं आणि मी उचललं. काका हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पटाची चारी टोकं धरून मोहऱ्यांसकट गाठोडं बांधलंत आणि म्हणालात, "मानसाला असं नागडं करत्यात व्हय? ह्याला जिकनं म्हनत न्हाईत." पुढे आठ दिवस मला पटाला हात लावू दिला नाहीत. नुसती काजं करत बसवलंत. ते आठ दिवस माझ्या बोटांत भिनले, अण्णा. तुम्हाला त्यातून मला माणुसकी शिकवायची असेल, पण मी शिकले ती भीती.

आज कळतं की तुम्हाला ती बुर्जी एवढी का खटकायची. तुम्ही आयुष्यभर दोनच माणसांशी खेळलात आणि दोघंही तुमच्यापेक्षा कच्चे होते. त्यांना पार धुतलंत तर उद्या दुपारी टेबलाला येणार कोण? मोबाइलवर आता मला माझ्याहून वरचढ माणसं रोज भेटतात. त्यांनी मला इतकं पाणी पाजलंय की आता लाज वाटत नाही. हत्ती प्याद्याच्या मागे ठेवावा, राजाला शेवटी बाहेर काढावं, घाई करू नये, हे सगळं मी त्यांच्याकडून मार खाऊन शिकले, बत्तिशी दाखवून कौतुक करणाऱ्या कंडक्टरांकडून नाही. वरचढ माणूस तुमच्यावर दया दाखवत नाही आणि तुमचा अपमानही करत नाही. प्यादं दिसलं की तो मारतो, आणि पुढे खेळतो. यात माणुसकी कुठे कमी पडते ते मला अजून समजलेलं नाही.

मी अकरावीत होते तेव्हा तालुक्याच्या स्पर्धेत नगरच्या एका सरांनी मला पाहिलं. पाटबंधारे खात्यात कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. ते मुद्दाम आपल्या दुकानात आले, टेबलाशी उभे राहिले आणि तुम्हाला म्हणाले, मुलीची नजर चांगली आहे, फक्त नियम पक्के करून घ्यायला हवेत. मग रविवारी रविवारी येऊन त्यांनी मला प्याद्याची दोन घरांची चाल, राजा-हत्तीची अदलाबदल, पलीकडे पोचलेल्या प्याद्याचा हवा तो मोहरा, हे सगळं शिकवलं. बुर्जीचं त्यांनी नावच काढलं नाही, कारण त्यांच्या खेळात ती नव्हतीच. तुम्ही मशीन चालवत ऐकत असायचात आणि मधूनच म्हणायचात, ही सगळी विलायती थेरं. पण सरांनी जेव्हा सांगितलं की जिल्ह्याच्या संघात आली तर नगरच्या कॉलेजात खेळाडू म्हणून जागा मिळेल, राहायची सोय होईल, तेव्हा तुम्ही मशीन थांबवलंत. आईदेखत म्हणालात, "तू टीममधी ये. मी सोता तुला नगरला घालतो." मला गणित घेऊन बी.एस्सी. करायचं होतं. आपल्या आळीतली एकही मुलगी तोवर शिकायला घराबाहेर राहिलेली नव्हती. त्या रात्रीपासून नव्हे, त्या मिनिटापासून मी नगरच्या हॉस्टेलात राहायला लागले होते.

जिल्ह्याचा संघ निवडायची स्पर्धा नगरला होती, तिच्यासाठी तुम्ही मला नवा ड्रेस शिवलात. गव्हाळी रंगाचा, आणि कुडत्याला उजव्या बाजूला आतून खोल खिसा. हा कशाला म्हणून विचारलं तर म्हणालात, मारलेली प्यादी ठेवायला. पहिल्याच फेरीत मी खरोखर एक प्यादं खिशात टाकलं आणि पंचांनी येऊन मला ते टेबलावर ठेवायला लावलं. सगळा हॉल बघत होता. मी लाजेने लाल झाले आणि दोरीपलीकडे तुम्ही छाती पुढे काढून उभे, जशी काही मी पहिलीच आले. त्या खिशाचा राग मला कधीच आला नाही. सगळ्या गोष्टींत तेवढीच एक मी अजून चांगली म्हणून आठवते.

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर नगरचीच एक चष्मेवाली मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण खेळात माझ्या दोन पावलं पुढे. जिंकले तर संघात, नाहीतर घरी. मी जशी कधी खेळले नव्हते तशी त्या दिवशी खेळले. शेवटी माझ्याकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी. तिच्याकडे राजा आणि एकच प्यादं. ते प्यादं माझ्या हत्तीच्या माऱ्यात उभं आहे. कुणी मार म्हणत नाही, मारू नकोसही म्हणत नाही. ती मुलगी प्याद्याकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि तिचे डोळे भरत आलेत. मी हत्ती उचलते आणि दुसरीकडेच ठेवते. तिच्या राजाला कोंडून माझं प्यादं पुढे आणायला. तिला काही उमगत नाही. ती प्यादं एक घर पुढे सरकवते. मी पुन्हा मारत नाही. आता तिचा राजा प्याद्याला खेटून आला आहे. आणखी एक चाल, आणि मला कळतं की माझ्या प्याद्याला एक घर कमी पडतंय. तिचं प्यादं पलीकडे पोचतं, ती वजीर मागते, आणि तो वजीर शह देतच पटावर येतो.

सर धावत आले. अगं, का नाही मारलंस ते? मी म्हणाले, बुर्जी झाली असती. आजूबाजूचे हसले, पंचसुद्धा हसले. सरांनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हीच शिकवलंत का हे, असं त्यांना विचारायचं होतं, आणि तुम्ही विचारायची वाटही पाहिली नाहीत. "पोरीची जात, घाबरली. म्या किती डाव सांगितलं, दिसलं की मार म्हनून." एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तुम्ही हे म्हणालात. मी तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. एसटीत बसलो, आणि गाडीने करंजीचा घाट ओलांडला. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, उद्यापासून मशीनवर बस. बास एवढंच. बारावी मी पाथर्डीतच केली, मशीनवर बसून. पुढे कॉलेजाचं नाव कुणी काढलं नाही. तीन वर्षांनी तुम्ही मला नगरला घातलंत खरं, पण सून म्हणून.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा इथे नगरात आमच्या घरापासून दोन चौक पुढे इंटरनेटचं दुकान उघडलं. फोनच्या तारेवर चालायचं, जोडताना शिट्ट्या मारायचं, आणि एकेक चाल पोचायला जीव जायचा. मी भाजीच्या पिशवीसकट तिथे जाऊन खेळायचे. सासरी कुणाला पत्ता नव्हता. तिथे पहिल्यांदा मला कळलं की जगात किती माणसं माझ्याहून चांगली खेळतात, आणि त्या स्पर्धेनंतर सात वर्षांनी मला पुन्हा खेळायचा चेव चढला. तुम्ही मला भेटायला आलात तेव्हा मोठ्या हौसेने तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसलात, पडद्याला हात लावून पाहिलात आणि म्हणालात, "समोर मानूसच न्हाई, तर खेळायचं कुनासंगं?" पण खेळलात. घरं तुम्ही सांगायची, चाली मी करायच्या. समोरचा कुणी कच्चा होता. शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं राहिलं. मी हात थांबवला. तुम्ही मात्र क्षणाचाही विचार न करता बोट पडद्यावर टेकवलंत. मार.

मी विचारलं, अण्णा, आणि बुर्जी? तुम्ही पडद्यावरची नजर न काढता म्हणालात, "इथं नसती ती. तुझ्या त्या डावानंतर नियमाचं पुस्तक आनलं म्या. समदं वाचलं." मग मला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझं खेळनं संपलं हुतं ना."

अण्णा, हे वाक्य मी इतकी वर्षं गिळलंय आणि ते अजून पोटात उतरलेलं नाही. चूक माझी झाली आणि तिच्यावर शहाणे झालात तुम्ही. मी काजं करत होते त्याच दुकानात, माझ्यापासून चार हातांवर बसून, तुम्ही ते पुस्तक वाचलंत आणि कापडाच्या गठ्ठ्याखाली दडवलंत. एकदा म्हणाला असता की बस, तो डाव पुन्हा मांडून बघू, तरी मला पुरलं असतं. पुढचा डाव वरचढ माणसाशी पडला. त्याने तुम्हाला वीस चालींत गुंडाळलं. तुम्ही उठलात, डोळं दुखत्यात म्हणालात आणि पुन्हा कधी त्या दुकानाची पायरी चढला नाहीत. तुम्ही हरायला भीत होतात, हे मला त्या दिवशी दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दोन वर्षांनी तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी आठ दिवस येऊन राहिले होते. एका दुपारी आई दळण आणायला गेली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. तुमचा आवाज फार खोल गेला होता, मला वाकावं लागलं. "तुजं वाटुळं माझ्यामुळं झालं, पोरी. म्याच चुकीचं शिकिवलं. त्या दिशी हॉलमदी म्या बोलाया पायजे हुतं." मी ज्या वाक्यासाठी दहा वर्षं तुमच्यावर दात धरून होते ते तुम्ही होऊन म्हणालात. मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, झोपा आता. त्यानंतर आपण त्यावर बोललो नाही. मी नगरला परतले आणि पाचव्या दिवशी निरोप आला.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच मी हे पान फाडलं होतं, आणि इतका वेळ तुम्हाला बोल लावत ते टाळत आले. स्पर्धेच्या सकाळी, पहिल्या फेरीच्या आधी, मी शाळेच्या नळावर हात धूत होते. सर शेजारी होते. मी त्यांना विचारलं होतं, सर, समोरच्याकडे नुसता राजा उरला तर डाव अर्धा धरतात का? ते म्हणाले, छे गं, मग तर सोपंच झालं, मारायचं आणि मात द्यायची. मला माहीत होतं, अण्णा. शेवटच्या फेरीत मी हत्ती उचलला तेव्हा ते मला पुरतं माहीत होतं. पण तुम्ही दोरीला अगदी खेटून उभे होतात, तुम्हाला माझी दोन प्यादी दिसली होती, आणि मला तुमच्यादेखत प्यादेमात द्यायची होती. परत गेल्यावर तुम्ही ती त्या टेबलावर मांडून गिरणीवाल्या काकांना दाखवाल, कंडक्टरांना दाखवाल, आणि म्हणाल, बघा माझी पोरगी. मी फक्त एक घर चुकीचं मोजलं. सरांनी का म्हणून विचारलं तेव्हा हावरटपणा केला असं सांगायला तोंड उघडेना, आणि बुर्जीचं निमित्त पटकन हाताशी आलं. ते तुमचं होतं. म्हणजे चारचौघांत आधी मी तुम्हाला पुढे केलं, आणि मग तुम्ही मला. तुम्ही निदान मरायच्या आधी ते परत घेतलंत.

काल माझा धाकटा भाऊ घरी आला होता. बोलता बोलता माझ्या शिक्षणाचा विषय निघाला आणि तो नेहमीसारखं म्हणाला, अण्णांच्या त्या खुळ्या नियमानं ताईचं कॉलेज गेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप उचलले आणि जाऊ दे म्हणाले.